भाऊजींचं डुक्कर आणि उत्तरेचं आरमार

अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने आमचं दक्षिणेतलं विल्मिंग्टनचं बंदर अडवून तीन वर्षं होऊन गेली होती. माझे भाऊजी इफ्रेम पकेट यांच्या मते मात्र ही नाकेबंदी निव्वळ कागदावरची होती. भेंडीच्या बिया भाजून केलेली कॉफी पीत ते हे समजावून सांगत.

"आपण कापूस द्यायचा थांबवलाय. इंग्लंडच्या गिरण्या बंद पडल्या की इंग्लंड धावत येतंय बघ मदतीला." हे ते दर वर्षी म्हणत. इंग्लंडला बहुधा पत्ता सापडत नसावा.

याच भरवशावर त्यांनी पहिली थंडी पडताच डुक्कर मारलं. घरात मीठ चिमूटभर. मांस मिठात मुरलं नाही तर चार दिवसांत सडणार, आणि हिवाळाभर खायला घरात दुसरं काही नव्हतं.

"अहो, मीठ कुठंय?" लव्हिनियाताईने विचारलं.

"येतंय, उद्याच्या जहाजातून."

"जहाजाने कळवलंय तुम्हाला?"

"अगं, लोकांना काय हवंय ते व्यापाऱ्याला बरोबर कळतं."

जहाज खरंच आलं. उत्तरेच्या युद्धनौकांना धुक्यात चकवून आलं. भाऊजी दोन रिकामी पोती घेऊन धक्क्यावर सगळ्यांच्या पुढे. पेट्या उघडल्या. आत बायकांनी कंबर आवळायचे कॉर्सेट, फ्रेंच अत्तर, रेशमी टोप्या आणि मिशांना लावायचं मेण. ज्यात नफा जास्त, ते व्यापाऱ्याला बरोबर कळलं होतं.

भाऊजी मेणाची डबी घेऊन परतले. "मीठ पुढच्या खेपेला."

ताईने डबी उलटसुलट पाहिली. "हे डुकराला लावू का?"

मग तिने त्यांच्या हातात फावडं दिलं आणि मांस धुरवायच्या कोठीकडे बोट दाखवलं. तिथे भाऊजींच्या आजोबांपासून सगळे खारवलेलं मांस टांगत आले होते. साठ वर्षं मिठाचं पाणी जमिनीत ठिबकत होतं.

"खणा."

"आजोबांची जमीन आहे ती!"

"मग मीठही त्यांचंच. खणा."

आम्ही गुडघाभर खणलं. माती पाण्यात कालवली, फडक्यातून गाळली, ते पाणी दिवसभर आटवलं. शेवटी कढईच्या तळाशी करड्या रंगाचं काहीतरी राहिलं. ताईने जिभेला लावून पाहिलं आणि मांसाला चोळायला घेतलं.

जानेवारीत त्याच मांसावर आम्ही जेवत होतो. धुराची चव होती, मातीची होती, थोडी आजोबांच्या बुटांचीही असावी. भाऊजींनी मेण लावून टोकदार केलेल्या मिशा पुसल्या.

"म्हणत होतो ना? नाकेबंदीने आपलं काय वाकडं झालं?"

"काही नाही," ताई म्हणाली. "जेवा पोटभर. पुढच्या वर्षी खणायला कोठीत जमीन उरलेली नाही."