हॅडनचे दोन गुण

हॅडन ओल्डरॉइड सोळा वर्षं यॉर्कशायरमधल्या आपल्याच गावच्या क्लबकडून रग्बी लीग खेळला. तीनशे एकोणीस सामने झाले आणि त्याच्या नावावर एक गुण नाही. फॉरवर्डचं काम साधं असतं: चेंडू छातीशी धरायचा, समोरच्या तीन धिप्पाड गड्यांवर जाऊन आदळायचं, आडवं व्हायचं, उठायचं, पुन्हा तेच. वाट हा मोकळी करणार आणि रेषेपलीकडे चेंडू टेकवून ट्राय दुसराच करणार. गावच्या साप्ताहिकात मात्र गुण मिळवणाऱ्यांचीच यादी यायची.

दर गुरुवारी त्याची आई विनी कात्री घेऊन ती यादी मोठ्यानं वाचायची. कापायला काही नसायचं. कात्री परत खणात जायची.

"तुझ्या बापाचंही नाव कधी आलं नाही," चहा ओतत ती म्हणायची. "नाकं मात्र दोघांनीही मोडून घेतली."

हॅडन हसायचा, पण ती कोरी कात्री त्याला खरंच बोचायची.

आता एकच आशा होती. निवृत्त होणाऱ्या फॉरवर्डला शेवटच्या सामन्यात ट्रायनंतरची किक द्यायची, ही तिथली रीत. चेंडू दोन खांबांमधून, आडव्या दांडीवरून गेला की गोल, म्हणजे दोन गुण. तीन आठवडे हॅडन मागच्या मैदानावर गुपचूप सराव करत होता. "माझ्या कबुतरांचा जीव घेशील लेका!" शेजारचा म्हातारा कुंपणावरून ओरडायचा.

पण ही रीत सामना खिशात असेल तरच चालते, आणि त्या रविवारी तो खिशात येईचना. अगदी सामना संपल्याचा भोंगा वाजता वाजता हॅडनच्या संघानं ट्राय केला. वीस-वीस. आता फक्त किक उरली होती.

नेहमी किक मारणाऱ्या जोएलनं चेंडू पुढे केला. "घे म्हाताऱ्या, तुझी आहे."

सगळं मैदान हॅडनच्या नावानं ओरडत होतं. त्यानं एकदा कठड्याशी उभ्या आईकडे पाहिलं.

"डोकं फिरलंय का?" तो जोएलला म्हणाला. "वर्षभर पोरं राबलीत. तू मार."

जोएलनं मारली. बावीस-वीस! हॅडन सगळ्यांआधी नाचला. मग त्यानं खांबांकडे एकदा बघून घेतलं.

पण घरी कोणी जाईना. विनी कठड्यावर वाकून ओरडली, "ए जोएल, तो चेंडू परत ठेव!"

ठेवला तो हरलेल्या संघाच्या फॉरवर्डनं, दुपारभर ज्यानं हॅडनच्या बरगड्या शेकल्या होत्या त्यानं. "मार रे, बायको वाट बघतेय माझी."

पहिली किक कोपऱ्यातल्या झेंड्याकडे गेली. दुसरी गरम पाई विकणाऱ्या टपरीवर आदळली. तिसरी गिरक्या घेत दांडीला घासून पलीकडे पडली! एक बूट काढून बसलेल्या पंचानं तसंच लंगडत उठून शिट्टी फुंकली. दोन्ही संघांनी हॅडनला खांद्यावर घेतलं आणि लगेच खाली पाडलं, कारण एकशे अठरा किलो पेलेनात.

गुरुवारी विनीनं यादी वाचली. "गोल: जोएल पाच, ओल्डरॉइड एक." ती थांबली. "तीन ट्रायचे बारा, सहा गोलांचे बारा, झाले चोवीस. आणि वर निकाल छापलाय बावीस! हा बाबा शाळेत गेला होता की नाही?"

मग तिनं कात्री उचलली. कागद वेडावाकडा कापला जाऊ लागला, कारण तिला नीट दिसत नव्हतं.

"आई, जरा सरळ काप ना."

"गप बस," विनी नाक ओढत म्हणाली. "सोळा वर्षांत सराव कुठे दिलास मला?"