बिनलवीची मुळं

रज्जाकचं अन् माह्यं पटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. जळगाव जामोदच्या बैलबाजारात त्यानं चारचौघांत माह्या बैलाले लंगडा म्हटलं होतं. लय जीव जळला माह्या.

महाराष्ट्र होऊन सहा वर्षं झाली होती. बियाण्याचे साहेब अर्जुनराव, यायनं किरण मारून बदललेली नवी ज्वारी आणली. थोडी वर घाटावर, माह्या देऊळघाटच्या वावरात पेरली. थोडी खाली जामोदच्या सरकारी तुकड्यात. तिथं राखणीले रज्जाक. त्या साली पावसानं ताण देल्ला. माही ज्वारी मांडीले लागली, त्याची वितभर होऊन वाळली. साहेब मले संगं घेऊन पाहाले गेले. "रोज पाणी देऊन राह्यलो," रज्जाक म्हणे. साहेबानं मले इचारलं. म्या सगळ्यायदेखत सांगितलं, "पाणी कायचं देते, हा झोपा काढते." त्याचं काम गेलं. मले बरं वाटलं, खोटं काऊन बोलू?

पुढच्या साली पेरणीआधी बी तपासाले माह्या बायकोनं, सत्यभामानं, ओल्या गोणपाटात दोन पुरचुंड्या बांधल्या. एक माठापाशी ठेवली, एक लवकर मोड यावा म्हणून चुलीपाशी. माठापाशीच्या मुळायवर पांढरी लव आली. "बुरशी लागली, फेका," ती म्हणे. चुलीपाशीची मुळं गुळगुळीत साफ. आमी तेच चांगलं समजलो. साहेबाले दाखवलं तं त्यायचा चेहरा उतरला.

"उकंडराव, ही बुरशी नाही. या लवीनंच रोप पाणी पितं. किरणांनी या बियाण्याचा एक गुण बिघडलाय. थंडाव्यात लव येते, उष्णतेत येतच नाही. जामोदच्या तापल्या मातीत कितीही पाणी घातलं असतं, तरी ते वाळलंच असतं."

"मंग रज्जाकचं?"

"जुनं झालं आता ते."

मले राहवलं नाही. बसनं जामोदले गेलो. रज्जाक सडकेवर खडी फोडून राह्यला होता. दोष बियाण्याचा होता, मले कसं ठाऊक असन, असं सगळं सांगितलं. त्यानं हातोडा थांबवला नाही. "जमीलाले सांग," एवढंच म्हणे.

त्याची बायको जमीला दारातच उभी राह्यली. या म्हटलं नाही. सगळं आयकून घेतलं.

"बियाण्याचं राहू द्या. मोट बंद होती, तं मी डोक्यावर घागरी वाहत होती. तुमी साहेबासंगं आले, त्या दिवशीबी. तुमी बांधावर उभे होते. मले पाह्यलं का नाही?"

"पाह्यलं," म्या म्हटलं.