आक्षेपाची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी हातघंटा आहे. वजन पाऊण किलो, मूठ लाकडी. ओताऱ्याने मला साच्यात ओतले, कानशीने घासले आणि मी प्रार्थनामंदिरात आले.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कारभार पाहणारे पंच नेमण्याची एक रीत होती. पंच कसा असावा, ते शास्त्रातला एकेक गुण वाचून सांगायचे. प्रत्येक गुणानंतर पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, मला वाजवून थांबत. कुणाचा आक्षेप असेल तर त्याने उभे राहायचे. या कामाबद्दल माझे फार कौतुक होई, पण वीस वर्षांत कुणी उभे राहिले नव्हते.

यंदा गवंड्याचे नाव पुढे आले. मंदिराची पडकी भिंत त्याने फुकट बांधून दिली होती. नेमणुकीआधी मला घासूनपुसून आणतो म्हणून तो मला घरी घेऊन गेला. तिथे तालीम करायला त्याने बायकोला यादी वाचायला बसवले.

"सौम्य असावा, मारकुटा नसावा," एवढे वाचून ती थांबली.

"पुढे वाच की! दातखीळ बसली का?"

"इथे घंटा वाजवून थांबतात ना, म्हणून थांबले."

त्याने मला उचलले आणि तिच्या कपाळावर हाणले. मग पुन्हा. माझ्या काठाला तिचे केस चिकटले. दोन्ही वेळा मी वाजले, मित्रांनो. न वाजणे मला जमत नाही.

"पायरीवरून पडले म्हणायचं. कळलं?" म्हणत त्याने मला चिंचेने लखलखीत केले.

रविवारी तो गुण वाचून झाला. पाळकांनी मला वाजवले. डोक्याला पट्टी बांधलेली ती उभी राहिली.

"बस खाली!" तो दातओठ खात म्हणाला.

"माझा आक्षेप आहे. मी पायरीवरून पडले नाही. यानं मारलं."

त्याने पाळकांच्या हातून मला हिसकावले आणि तो तिच्यावर धावला. म्हातारे पाळक मध्ये पडले. त्यांच्या मनगटाचे हाड माझ्याखाली कडकन मोडले. चौघांनी त्याला जमिनीवर दाबून धरले, तरी तो ओरडतच होता, "हिला घर मी दिलं! तुम्हाला भिंत मी दिली!"

"पोरी, तुझे काळेनिळे हात मी दोन वर्षं बघतोय," पाळक कण्हत म्हणाले. "भिंत हवी होती, म्हणून गप्प बसलो. मीही या जागेच्या लायकीचा नाही."

"ते नंतर बघू, बाबा. आधी पोलिसांना बोलवा. मी आता त्या घरी जाणार नाही."

सध्या मी पुरावा म्हणून पोलिसांच्या कपाटात आहे. मला चकचकीत ठेवा, असे मी सांगणार नाही. मित्रांनो, कुणाला मोठेपणा देण्याआधी त्याच्या घरच्यांना विचारा, आणि ते बोलेपर्यंत थांबा.