खडकाची थरथर

मित्रांनो, मी एक जुनी प्रकाशपेटी आहे. सागवानी चौकट, वर दुधी काच आणि पोटात ट्यूबलाइट. काचेच्या कडेला तीन खुंट्यांची लोखंडी पट्टी आहे. भोकं पाडलेला कागद या खुंट्यांवर बसवायचा, त्यावर दुसरा ठेवायचा. खालचं चित्र वरच्यातून दिसतं. चित्रकार ते केसभर बदलून पुन्हा काढतो. अशी चित्रं पडद्यावर भराभर दाखवली की ती जिवंत होतात.

हैदराबादच्या कोठी भागातल्या एका सुताराने मला घडवलं. तेव्हा देशात नव्या कंपन्या येत होत्या, घरोघर केबल पोचत होती. मुकुंदरावांनी नारायणगुड्याला कार्टूनचा स्टुडिओ काढला आणि मी तिथं चित्रं काढणाऱ्या त्रिवेणीच्या वाट्याला आले. सिनेमा होता शहराच्या राखणदारांचा. हैदराबादचे मोठाले खडक म्हणजे झोपलेले प्राणी. पोलादी जबड्याचा राक्षस शहर गिळायला आला की ते उठतात. त्यांतली खडका नावाची घोरपड काढायचं काम त्रिवेणीचं. राक्षस हुंगत जवळ येतो. खडका दगडासारखी पडून राहते, फक्त पोट श्वासाने हळूच वर-खाली होतं. मग ती एक डोळा उघडते. सगळा सिनेमा त्या प्रसंगावर उभा होता.

दसऱ्याला त्रिवेणीने माझी पूजा केली. खुंट्यांना ओलं हळदकुंकू भरपूर लावलं. ते बुडाशी वाळून टणक झालं. त्यानंतर काही कागद अडकून तिरपे बसू लागले, काही खाली दाबले जाऊ लागले आणि चित्रं एकमेकांशी जुळेनात. मला ते कळत होतं. सांगता येत नव्हतं.

"त्रिवेणी, दगड हलतोय," पडद्याकडे बघत मुकुंदराव म्हणाले.

"हौ साब, थंडी वाजली असंल त्याला!" शेजारच्या टेबलावरचा बबलू म्हणाला.

सगळे हसले. त्रिवेणी हसली नाही.

"शनिवारी मुंबईचे लोक हा प्रसंग बघायला येणार. तोवर जमलं नाही तर खडका वैशालीला देतो."

त्रिवेणीने चित्रं पुन्हा काढली. खडका पुन्हा थरथरली. त्रिवेणी आपल्याच बोटांकडे बघत बसायची. माझ्या पोटातली ट्यूब गुणगुणत राहायची आणि मला वाटायचं, काच तडकवून तरी ओरडावं.

शेवटी पुण्याहून आलेली चित्रकार वैशाली खडका काढून बघायला माझ्यासमोर बसली. तिने काढलेली खडकाही थरथरली.

"अगं, तुझा हात ठीक आहे. ही पेटीच बिघडलीय!" तिने खुंट्यांवरून बोट फिरवलं. "हे पुसत का नाहीस?"

"नक्को ताई! पूजेचं कुंकू आहे. पुसलं तर आई ओरडंल."

"मग खडका मला देतेस?"

 त्रिवेणीने कापूस ओला केला, स्वतःच खुंट्या घासल्या आणि लाल पाणी खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत पिळलं. वैशालीने खुर्ची रिकामी केली.

शनिवारी पडद्यावर खडका निश्चल पडली होती. श्वास तेवढा चालू होता. तिने डोळा उघडला, तसे मुंबईचे पाहुणे खुर्चीत मागे सरकले.

"अबाबा, जित्ती हाय की!" बबलू पुटपुटला. या वेळी त्रिवेणीही हसली.

पुढे संगणक आले. आता मी आबिड्सच्या एका गोदामात खोक्यांखाली असते. माझी ट्यूब कुणीतरी काढून नेली. स्वस्थ पडून राहणं मला खडकासारखं जमत नाही. त्रिवेणी मात्र दर दसऱ्याला येते, खुंट्यांना कुंकू लावते आणि दुसऱ्या दिवशी येऊन ते पुसते.

मित्रांनो, तुमच्या सायकलीला, कंपासपेटीला दसऱ्याला फूल जरूर वाहा. पण दुसऱ्या दिवशी फडकं घेऊनही या.

काल माझ्या खुंट्यांना कुंकू लागलं. आज सकाळपासून मी जिन्यावर त्रिवेणीच्या पावलांची चाहूल घेते आहे.