मार्लिसच्या हातचा रेडिओ

ऑरिन टॉलेफसन जन्मभर प्लंबर होता. घरात काहीही बिघडलं की दुरुस्ती त्याने करायची आणि टॉर्च बायकोने, मार्लिसने, धरायचा, हा लग्नापासूनचा शिरस्ता. वर बोलणीही तिनेच खायची. "अगं, पाइपावर धर, माझ्या कानावर नको." त्यामुळे गावच्या लायब्ररीत सुटे भाग जोडून रेडिओ करायचा वर्ग निघाला, तेव्हा तिने सगळ्यांत आधी नाव घातलं ते काही रेडिओच्या प्रेमापोटी नव्हे. एक तरी वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातची व्हावी, एवढंच तिला हवं होतं.

"कथलाचे डाग द्यायला शिकायला पार लायब्ररीत?" ऑरिन हसला. "अर्ध्या मिनेसोटाचे नळ मी डागलेत."

"म्हणूनच जातेय. तू शिकवायला बसलास की डाग द्यायचं आयर्न तुझ्याच हातात असतं."

शिकवायला जुनिया नावाची तरुण मुलगी होती. आधी तार आणि रेडिओच्या पाटीवरची तांब्याची चकती दोन्ही तापवा, मग कथील लावा, ते आपोआप पसरतं, असं तिने सांगितलं. मार्लिसचं कथील आपोआप कुठेच जाईना. बोट भाजलं, कापलेल्या तारेचा तुकडा उडून शेजारणीच्या कॉफीत पडला. डाग म्हणावे तर साबुदाण्यासारखे गोळे. पण तिने चिकाटी सोडली नाही, आणि मंगळवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बटण फिरवलं तर खरखरीतून एक माणूस उद्या उणे वीस अंश असेल असं सांगू लागला. त्या भयंकर बातमीवर मार्लिस पायमोज्यांतच नाचली.

शनिवारी वर्गाचा शेवटचा दिवस. प्रत्येकाने उठून आपला रेडिओ लावून दाखवायचा होता. सगळ्यांचे वाजले. मार्लिसचा ब्र काढेना.

जुनियाने तो उलटा केला. साबुदाण्याचे गोळे गायब होते, सगळे डाग आरशासारखे गुळगुळीत होते आणि त्यांच्याभोवती हिरवी बुरशी आल्यासारखी दिसत होती. "नळाच्या कामाची पेस्ट लावलीत का? त्यात आम्ल असतं. पाइपाला चालतं, पण या बारीक तारा खाऊन टाकतं."

मार्लिसने असली पेस्ट कधी हातातही धरली नव्हती. पण ती कोणत्या फडताळात असते हे तिला पक्कं माहीत होतं. बुधवारी आपण चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेलो होतो आणि ऑरिन घरी एकटाच होता, हेही तिला आठवलं.

घरी ऑरिन दारातच उभा. "काय मग, टाळ्या पडल्या?"

तिने रेडिओ त्याच्यापुढे ठेवला. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"ते गोळे बघून मला राहवलं नाही," तो म्हणाला. "लोकांत तुझं हसं होऊ नये म्हणून—"

"हसं माझं झालं असतं ना? होऊ द्यायचं होतंस. तो वाजत होता, ऑरिन. वेडावाकडा होता, पण माझा होता."

तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. ऑरिनने डोक्यावरची टोपी काढली. "चुकलं माझं," तो म्हणाला. "नवा आण, मी तुला झकास—" आणि त्याने स्वतःच जीभ चावली.

सोमवारी मार्लिसने रेडिओच्या सुट्या भागांची दोन खोकी आणली. "हे माझं, हे तुझं. एकमेकांच्या कामाला हात लावायचा नाही."

तिचा रेडिओ दुसऱ्या दिवशी दुपारी वाजला, आणि या वेळी डागही बरे जमले होते. ऑरिन अजून तिसऱ्या भागावर अडकला होता. आयुष्यभर पाना धरलेली जाड बोटं, त्यांत ती केसाएवढी तार. चकती जास्त तापत होती, कथील भलतीकडेच ओघळत होतं. तो घामाघूम झाला होता, पुटपुटत शिव्या देत होता. आयर्न जरा आडवं धरलं असतं तर झालं असतं, एवढंसं काम. मार्लिसचा हात आपोआप पुढे झाला.

तिने तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

शेवटी एक गोळा बसला. "कसाय?" त्याने मान वर न करता विचारलं.

"ओबडधोबड आहे," मार्लिस म्हणाली. "पण धरलंय."

तिचा हात अजून शिवशिवत होता. हात आवरणं किती अवघड असतं ते कळलं, आणि ऑरिनवरचा तिचा अर्धा राग तिथेच गेला. उरलेला अर्धा मात्र तिने जपून ठेवला, कारण इतकं अवघड असूनही तिने हात आवरला होता, त्याने नव्हता आवरला.