टाळूवरचा उंचवटा

आमच्या घरात माणसं तीन आणि तोंडं साठ-सत्तर. बाबा कवळ्या बनवतात. दातांच्या डॉक्टरबाई लोकांच्या तोंडाची मापं घेऊन पाठवतात, बाबा त्यांत प्लास्टर ओततात, आणि मागच्या खोलीतल्या फळ्यांवर हिरड्या, टाळू, उरलेसुरले दात असे पांढरे साचे ओळीने बसतात. लहानपणी मला वाटायचं, मी पाठ फिरवली की ही तोंडं आपसात बोलतात. आता मी दहावीत आहे, वर्गाची प्रतिनिधी आहे, मुख्याध्यापकांच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलते. असलं काही मला वाटत नाही. म्हणजे वाटत नव्हतं.

तिसरं माणूस आत्या. आई परगावी नोकरीला, सुट्टीला येते. एरवी घर आत्याच्या आवाजावर चालतं. ती बाबांची थोरली बहीण. लोकांना मोटार चालवायला शिकवते आणि बाबांना गिऱ्हाइकांसमोरसुद्धा ‘बाळ्या’ म्हणते. तिची वरची कवळी बाबांनीच केलेली. इतकी बेमालूम, की तिचे विद्यार्थी तिला दातांचं गुपित विचारतात.

ती कवळी हलायला लागली.

“बाळ्या, आज त्या पोरीला ‘ब्रेक’ म्हणून ओरडले, तर कवळीच खाली आली. तिने ब्रेक सोडून माझ्या तोंडाकडे पाहिलं. थोडक्यात वाचलो.”

“वय झालं की हिरड्या झिजतात, ताई. दे इकडे.”

बाबांनी घासून दिली. काही दिवस बरी बसली, मग परत डुगडुग.

“कवळी आहे की झोपाळा?”

“तोंडाला जरा विश्रांती दे, मग बसेल.”

“तुझ्यासारखी मुकी असते तर कवळी कशाला लागली असती?”

बाबा हसले नाहीत. गावभरच्या तोंडांत त्यांचं काम घट्ट बसलेलं, आणि सख्ख्या बहिणीच्या तोंडात ते हलत होतं. हे त्यांना फार लागलं होतं. शेवटी म्हणाले, “नवीनच करतो.”

बाकी कुणाचंही माप डॉक्टरबाईंकडून येतं. बाई आधी तोंड तपासतात, मग माप घेतात. पण आत्या घरचीच, तिला कशाला दवाखान्याची पायरी? बाबांनी तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं, गळ्यात टॉवेल अडकवला आणि स्वतःच माप घेतलं.

शाळेतून आल्या आल्या मी नवे साचे हातात घेऊन बघते. आत्याच्या साच्यात टाळूवर, उजवीकडे अगदी मागे, एक उंचवटा होता. गुळगुळीत, सोललेल्या बदामाएवढा.

“बाबा, हे काय?”

“काही नाही. माप घेताना ताईला ओकारीची उबळ आली, सगळं ओढलं गेलं.” बाबांनी सुरी घेतली आणि तो उंचवटा खरवडून टाकला. भुकटी फुंकून उडवली. “ताईची टाळू मला पाठ आहे.”

त्या साच्यावरची नवी कवळी तर तोंडात टेकेचना. एक बाजू दाबली की दुसरी उचलायची. बाबांनी पुन्हा माप घेतलं, पुन्हा प्लास्टर ओतलं. दुपारी मी साचा उचलला.

उंचवटा परत आला होता. त्याच जागी. थोडा मोठा होऊन.

बाबांनी तोही खरवडला. मी दारात उभी राहून बघत होते. सुरीखालून पांढरी साल निघत होती आणि मला वाटत होतं, आत काहीतरी आहे, ते वाट बघतंय, बाबा सुरी कधी खाली ठेवतात याची.

मग मला चैन पडेना. गणिताच्या तासाला माझी जीभ आपोआप टाळूकडे जायची, मागे, उजवीकडे, चाचपडत. मैत्रीण म्हणाली, तोंडात काय आहे, मला पण दे. घरी आले की फळ्यांवरची तोंडं उघडीच. मी एका रविवारी ती सगळी भिंतीकडे वळवून ठेवली, बाबांनी परत सरळ केली. आणि आत्याचा आवाजही बदलला होता. शब्द जाड यायचे, बंद खोलीतून कुणीतरी बोलावं तसे. ती हाक मारायची आणि मला क्षणभर कळायचं नाही, हे कोण बोललं.

तिसरा साचा ओतला तेव्हा मी बाबांच्या आधी खोलीत गेले. साच्याकडे पाहिलं, आणि तडक आत्याकडे.

“कवळी काढ. खिडकीपाशी ये. आ कर.”

“तोंड तपासून घोडा विकत घेतेस का?”

“आ कर ना, आत्या.”

मी मोबाइलचा टॉर्च आत धरला. प्लास्टरमध्ये पांढरा दिसणारा तो उंचवटा इथे निळसर जांभळा होता, ओला, चकचकीत. जखम नाही, रक्त नाही. मी हात धुऊन आले आणि बोट लावलं. रबरासारखा लागला.

“दुखतं?”

“छे. दुखलं असतं तर मी गप्प बसले असते का?”

ते खरंच होतं, आणि त्यानेच मला जास्त भीती वाटली.

मागच्या खोलीत बाबा साचा हातात घेऊन उभे होते. दुसऱ्या हातात सुरी. मी साचा धरला.

“सोड.”

“बाबा, चूक परत परत एकाच जागी होत नाही.”

“मी हे काम तुझ्या जन्माआधीपासून करतोय.”

“म्हणूनच तुम्ही आठवणीतली टाळू बघताय. एकदा तोंडात बघा.”

त्यांनी साचा सोडला नाही, पण सुरीही चालवली नाही. मला तेव्हा कळलं की त्यांना बघायचंच नव्हतं. आत्या माझ्या मागून येऊन उभी होती, कवळीविना, गाल आत गेलेले. तशी ती मी फारशी पाहिलेलीच नव्हती.

“बाळ्या, तुला ठाऊक होतं?”

“नाही, ताई. शपथ. मला वाटलं, माझं काम बिघडलं.”

“तेच बिघडलं असतं तर बरं होतं रे.”

संध्याकाळी आम्ही तिघं दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी टाळू पाहिली, आत्याच्या मानेवर, जबड्याखाली सावकाश बोटं फिरवली. ताप येतो का, वजन उतरलं का, रात्री घाम येतो का, विचारलं. तिसरा साचा मी दप्तरातून पीटीच्या टी-शर्टात गुंडाळून नेला होता. हा तिसरा, असं मी सांगितलं. त्यांनी तो निरखून पाहिला.

“आधीचे दोन?”

बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, “मी खरवडून सारखे केले.”

बाईंनी जागा बधिर करून एक बारीक तुकडा काढला आणि बाटलीतल्या पाण्यासारख्या औषधात टाकला. “याची तपासणी झाल्याशिवाय मी कशाचंच नाव घेणार नाही,” म्हणाल्या.

बाईंकडे पुन्हा गेलो तेव्हा नाव आलं. लिम्फोमा.

“कॅन्सर?” आत्या म्हणाली. “पण मी तंबाखूला जन्मात हात लावला नाही.”

“याला तंबाखू लागत नाही. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच बिघडतात आणि वाढत सुटतात. बहुतेकांना मानेत, काखेत गाठ येते. तुमच्या टाळूत आली. कवळी बसेनाशी होणं ही कधीकधी पहिली खूण असते. हा आजार बऱ्याचदा औषधाला चांगली दाद देतो. पण आणखी कुठे पसरलाय का, ते स्कॅन करूनच कळेल. सोमवारी मोठ्या इस्पितळात जा. उशीर नको.”

आत्याने मान डोलावली. मग बाबांकडे वळून म्हणाली, “ऐकलंस ना? तुझी कवळी चांगली होती.”

बाबांनी तोंड फिरवलं.

रविवारी मी झोपून उठले तर मागच्या खोलीत दोघं जमिनीवर बसलेली. आत्याची इस्पितळाची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. फळ्या रिकाम्या, सगळे साचे खाली मांडलेले. बाबा एकेक उचलून टाळूवरून अंगठा फिरवत होते आणि आत्याकडे देत होते. आत्या ते पलीकडे ठेवत होती.

“काय शोधताय?”

“खरवडलेल्या जागा,” बाबा म्हणाले. “सुरी लागली की प्लास्टर खरखरीत लागतं. ताईचं तू पकडलंस. बाकीच्यांचं कोण पकडणार?”

“किती जणांचं खरवडलंय?”

“तेच आठवत नाही.”

मीही बसले. आता त्या तोंडांना वळवून ठेवावंसं वाटलं नाही; उलट वाटलं, यांनी खरंच बोलावं. बराच वेळ नुसता प्लास्टरवर अंगठ्याचा आवाज. मग एका साच्यावर बाबांचा हात थांबला. त्यांनी परत फिरवला. टाळू, मागची बाजू.

“हे एक आजोबा, गिऱ्हाईक,” ते म्हणाले. “तीनदा कवळी परत पाठवली होती. मी म्हटलं, फार कटकटे आहेत. नंतर पाठवायचे थांबले.”

आत्याने साचा हातात घेतला आणि स्वतःचा अंगठा त्या जागेवर ठेवला. काढला नाही.

साच्याच्या बुडाला नाव आणि फोन नंबर होता. मी वाचला, बाबांनी फिरवला. पलीकडे घंटा वाजत राहिली. बाबांनी आमच्याकडे पाहिलं, फोन कानापासून जरा लांब नेला.

“वाजू दे,” आत्या म्हणाली. “ठेवायचा नाही, बाळ्या.”