दोराची सुरी

मासळी कापायची सुरी वेगळी आणि दोर कापायची वेगळी, हे ऐरोलीच्या कोळीवाड्यात होडीवर जाणाऱ्या पोरासोरांनाही कळायचं. मासळीला गुळगुळीत धार लागते. दात असले की मांसाचा चोथा होतो. ओला नायलॉनचा दोर मात्र गुळगुळीत धारेला दाद देत नाही, पातं नुसतं वरून घसरतं. म्हणून धर्मानं होडीवरच्या सुरीला कानशीनं स्वतः दात पाडले होते. दिसायला वेडेवाकडे, पण कामाचे. खाडीवर पूल व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

त्या दसऱ्याला हत्यारांच्या पूजेआधी धर्माच्या बायकोनं, दुर्गाबाईनं, दोन्ही सुऱ्या धाकट्या दिराकडे धार लावून आणायला दिल्या. सुभाष जवळच्या पावणे गावी एका कारखान्यात ग्राइंडरवर कामाला होता. होडीत त्याचा जीव कधी रमलाच नाही. त्याला वाटलं, पात्याचे टवके उडालेत. भावावर माया फार, म्हणून त्यानं मन लावून दोन्ही पाती चकचकीत, सरळ धारेची करून आणली. घरची रीत अशी, की पूजेतल्या हत्याराचं हळदकुंकू पुसायचं नाही, तसंच कामाला न्यायचं. धर्मानं हळदकुंकवाखालची धार न बघताच सुरी कमरेला खोचली आणि पहाटे खाडीत गेला.

नांगराच्या दोरात पाय अडकून तो पाण्यात ओढला गेला. सापडला तेव्हा सुरी मुठीत होती आणि दोरावर नुसते ओरखडे. लोकांनी नशिबाला बोल लावला. दुर्गाबाईनं मात्र पातं बघितलं आणि तिला सगळं उमगलं. तिनं सुरी पदराआड केली, घरी येऊन कौलांखाली खुपसली. नवरा गेलाच होता. हे सुभाषला कळलं तर तोही जिवाचं बरंवाईट करील, या धास्तीनं तिनं कुणापाशी ब्र काढला नाही.

पण धर्मा काही गेला नव्हता. भरतीच्या संध्याकाळी काठाशी बांधलेल्या होडीकडून आवाज यायचा. सर्र, सर्र. दातांचं पातं करकरतं. हे पातं नुसतं घसरत होतं. शेजारची सुंदराबाई म्हणायची, "बाय, दार लाव नि देवाचं नाव घे." दुर्गाबाईला भीती वाटत नव्हती, रडू यायचं. अजून कापतोय बिचारा, अजून सुटत नाही.

शेवटी तिनं बाजारातून नवी सुरी आणली आणि धर्मा पाडायचा तसेच दात पाडले. होडीत ठेवली की तो सुटेल, एवढाच विचार. दिवेलागणीला ती चिखल तुडवत निघाली. आवाज चालूच होता.

होडीच्या आडोशाला सुभाष पाण्यात बसला होता. घोट्याला नांगराचा दोर करकचून बांधलेला, हातात कौलांखालची सुरी. भरती चढत होती.

"बग वयनी, नाय कापत," तो म्हणाला. "किती बी जोर लावला तरी नाय कापत. दादानं किती केला असल?"

"तुला कदीपासून ठाव हाय?"

"त्याला भाएर काडला तवाच. पातं मी बगितलं. तू कौलात खुपसलीस, ते बी बगितलं."

इतके महिने आपण याला जपत होतो आणि हा दर भरतीला इथं मरत होता. ती वाकली, पाण्यात हात घालून नवी सुरी दोरावर टेकवली. तीन हिसके, आणि दोर तुटला.

"इतकाच?" सुभाषनं विचारलं.

"इतकाच. ऊठ आता."

तो उठेना. दोराच्या तुटक्या टोकाकडे बघत राहिला. मग दुर्गाबाई लुगड्यासकट त्याच्या शेजारी चिखलात बसली.

"सुऱ्या मीच तुज्याकडं दिल्या," ती म्हणाली. "दात कशाला हायत, ते मी नाय सांगितलं. आता तू नाय उठलास, तर मी बी नाय उठनार."

पाणी दोघांच्या छातीशी आलं. मग सुभाष उठला.